दिवा पेटला, आधी तेल पाहा



खत, बियाणे, कीड आणि पाणी हे या सदराचे नेहमीचे विषय. आज थोडा वेगळा विषय घेत आहे, पण तोही आपल्याच अंगणातला. वाईच्या आसपास कोणत्याही वाडीवस्तीवर गेलात तर गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडखाली एक चारचाकी उभी दिसते. बहुधा पेट्रोलची, आणि बहुधा दुसऱ्याकडून जुनी घेतलेली. ती आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. म्हाताऱ्या माणसांना साताऱ्याच्या दवाखान्यात न्यायचे, मुलीला परीक्षेला वेळेवर पोचवायचे, स्ट्रॉबेरीच्या पेट्या घाटाखाली आणायच्या, ही कामे तीच करते. त्यामुळे ती अडली की ऐन पेरणीत बैल बसावा तसे घर अडून राहते.

अलीकडे गावची बैठक संपली, पिकाचे विचारून झाले, की कुणीतरी हळूच गाडीचे विचारतो. प्रश्न बहुधा एकाच धर्तीचा असतो. "साहेब, इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. पसरणीच्या घाटात गाडी खेचत नाही. गॅरेजवाला म्हणतो व्हीव्हीटी गेलं, इंजिन उघडावं लागेल." मी शेतीचा पदवीधर आहे, गाड्यांचा मिस्त्री नव्हे. परंतु दुखणे ओळखायचे कसे हे शेतीच्या कामाने मला शिकवले आहे, आणि ती रीत उसाला आणि इंजिनाला सारखीच लागू पडते.

उसाचे पान पिवळे पडले की आपला पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. पण पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, तसा चुनखडीच्या रानात लोह न मिळाल्यानेही येतो. त्याला आपण केवडा म्हणतो. हळदीचे पान पिवळे पडून कडेने वाळू लागले तर खाली कंद कुजत असण्याचा संभव मोठा. तेथे वरून खत टाकणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे. पान एवढेच सांगते की कुठेतरी बिघडले आहे. कुठे, ते पाहायला माती उकरावी लागते. गाडीतला पिवळा दिवा हे असेच पिवळे पान आहे. त्याच्याकडे पाहून कोणता भाग बदलायचा हे ठरत नसते.

ही व्हीव्हीटी आहे तरी काय?

ज्यांनी विहिरीवर किर्लोस्करचे डिझेल इंजिन चालवले आहे त्यांना टॅपेट म्हणजे काय हे सांगायला नको. फिलर गेज घालून टॅपेटची फट जुळवताना आपण व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचीच वेळ सांभाळत असतो. इंजिनात एक व्हॉल्व्ह हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. ते उघडण्याचे काम कॅमशाफ्टवरचे उंचवटे करतात. खालचा क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा वरची कॅमशाफ्ट एक फेरा घेते. दोघांना जोडणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. काही गाड्यांत तिच्या जागी पट्टा असतो.

विहिरीवरचे इंजिन दिवसभर एकाच ठरलेल्या गतीने चालते. म्हणून व्हॉल्व्हची वेळ कारखान्यात एकदा ठरवली की काम भागते. मोटारीचे तसे नाही. तेच इंजिन चौकात उभ्या जागी मिनिटाला सात-आठशे फेरे घेते आणि घाट चढताना तीन-चार हजार. आता रात्री दारे धरणाऱ्या माणसाचे उदाहरण घ्या. पाटाला जोर असेल तेव्हा वाफा केव्हा मोडायचा आणि पाणी मंद असेल तेव्हा केव्हा, याची वेळ तो पाणी बघून बदलतो. दोन्ही वेळी घड्याळ लावून एकाच मिनिटाला वाफा मोडला तर एकदा बांध फुटेल आणि एकदा शेवटचा सरा कोरडा राहील. इंजिनात येणाऱ्या हवेचेही असेच आहे. तिच्या जोराप्रमाणे व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे सरकवणारी जी रचना, तिला व्हीव्हीटी म्हणतात.

विकल्या जाणाऱ्या मोटारीत ही युक्ती प्रथम इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीने १९८० साली आणली. जपानच्या होंडा कंपनीने १९८९ मध्ये व्हीटेक नावाची आपली निराळी पद्धत काढली. आपल्याकडे २०११ साली आलेल्या नव्या मारुती स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनात व्हीव्हीटी होती. आता ती साध्या घरगुती पेट्रोल गाडीतही सर्रास आढळते.

रचना ऐकायला अवघड वाटते, पण समजायला सोपी आहे. कॅमशाफ्टच्या टोकाला एक जाड चाक असते. आपण त्याला कॅम गिअर म्हणू. त्याचे बाहेरचे कवच चेन फिरवते. आत पंख्याच्या पात्यांसारखा एक तुकडा असतो आणि तो कॅमशाफ्टला घट्ट बसवलेला असतो. पात्यांच्या दोन्ही बाजूंना ऑईलचे कप्पे असतात. एका बाजूच्या कप्प्यांत दाबाने ऑईल भरले की कॅम थोडी पुढे सरकते, दुसऱ्या बाजूला भरले की मागे येते. ऑईल कोणत्या बाजूला सोडायचे हे ठरवणारा अंगठ्याएवढा एक विजेचा व्हॉल्व्ह असतो. गॅरेजमध्ये त्याला ओसीव्ही किंवा व्हीव्हीटी सोलेनॉइड म्हणतात. त्याला हुकूम देते गाडीचे संगणक यंत्र, आणि कॅम खरोखर किती सरकली हे त्या यंत्राला क्रँक व कॅमजवळचे सेन्सर कळवतात. हुकूम आणि हालचाल यांचा मेळ बसला नाही की पिवळा दिवा लागतो.

बंधूंनो, यातले मर्म ध्यानात घ्या. कॅम सरकवणारा हात ऑईलचा आहे. वीज फक्त दार उघडते. मग ऑईल कमी असेल, घाण असेल किंवा नको तितके जाड असेल, तर सगळे भाग धडधाकट असूनही व्हीव्हीटी आजारी दिसते.

एका घरची हकिकत

पसरणीच्या बाजूच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. घरचे वडीलधारे डायलिसिसवर. आठवड्यातून दोनदा त्यांना साताऱ्याला न्यावे लागते आणि गाडी घरची सून चालवते. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद खडखड आवाज येई आणि मग थांबे. पुढे घाटात गाडी धाप टाकू लागली. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच, पाचगणी सुमारे १३०० मीटर. म्हणजे दहा-बारा किलोमीटरमध्ये सहाशे मीटरची चढण. गाडीची खरी परीक्षा तेथेच होते. मग एक दिवस पिवळा दिवा लागला तो विझेना.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड निघाला पी ००१२. लगेच सांगण्यात आले की कॅम गिअर, टायमिंग चेन, तिचे टेन्शनर असा सारा संच बदलावा लागेल. रक्कम तीस हजारांच्या पुढे. घरात तेवढे पैसे होते, पण ते उसाच्या बिलातून मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले. गाडी सोडून द्यावी तर दवाखाना चुकतो, आणि डायलिसिस चुकवून चालत नाही. दोन्हीकडून कोंडी.

त्यांच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री. उभी हयात डिझेल इंजिनांवर गेली, नंतर मुलाबरोबर मोटारीचे काम शिकून घेतलेले. त्यांनी एकच अट घातली. तपासणी पुरी होईपर्यंत एकही भाग विकत आणायचा नाही. त्यांनी ज्या क्रमाने गाडी पाहिली तो क्रम मी येथे देतो, कारण तो प्रत्येक घराला उपयोगी आहे.

तपासणीचा क्रम

१. आधी दिव्याचा रंग पाहा. ऑईलच्या कॅनचे चित्र असलेला तांबडा दिवा लागला तर गाडी जागीच बंद करा, एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी येता येते. तोच लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारते आहे. वेग कमी करा आणि सुरक्षित जागा पाहून थांबा.

२. तक्रार लिहून ठेवा. आवाज थंड इंजिनात येतो की गरम? गाडी उभ्या जागी थरथरते की फक्त चढाला अडते? पेट्रोल जास्त खाते का? या घरच्या सुनेने दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तारीखवार नोंद केली होती. उभ्या जागी इंजिन शांत, सपाट रस्त्यावर ठीक, चढाला मात्र जोर नाही, आणि खडखड फक्त सकाळी. मिस्त्रींनी ते पान दोनदा वाचले. जनावराचा डॉक्टर आधी "चारा कधीपासून सोडला?" असे विचारतो, त्यातलाच हा प्रकार.

३. ऑईलची पट्टी काढून पाहा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे जाऊ द्या. पट्टी पुसून पुन्हा घाला आणि मग पातळी पाहा. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. बोटावर ऑईल घेऊन चोळा. ते डांबरासारखे चिकट किंवा खरखरीत आहे का, त्याला पेट्रोलचा वास येतो का, ते पाहा. मग शेवटचे ऑईल कधी बदलले त्याची पावती शोधा. या घरी पावती दीड वर्षापूर्वीची निघाली. मधल्या काळात पातळी कमी झाली तेव्हा शेडमध्ये पडलेल्या कॅनमधले ट्रॅक्टरचे ऑईल दोनदा वरून ओतले होते. पुस्तिकेत लिहिलेले ऑईल ५डब्ल्यू-३०, आणि ओतलेले २०डब्ल्यू-४०. ज्याला तीस हजारांचे दुखणे म्हटले होते त्याचे मूळ येथे दिसू लागले.

४. कोड लिहून घ्या, मगच पुसा. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचे सॉकेट असते, तेथे स्कॅनर लागतो. दिवा घालवायचा म्हणून बॅटरीची वायर काढणारे पुष्कळ आहेत. त्याने दिवा जाईल, पण दुखण्याची नोंदही जाईल. कोडचे अर्थ साधारण असे आहेत. पी ००१० म्हणजे हवेच्या बाजूच्या व्हीव्हीटी व्हॉल्व्हच्या विजेच्या मार्गात दोष. पी ००११ म्हणजे कॅम हवी त्यापेक्षा पुढे राहते, किंवा हुकूम नीट पाळत नाही. पी ००१२ म्हणजे कॅम मागेच अडकून राहते. पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. पी ०३४० म्हणजे कॅमच्या सेन्सरच्या मार्गात दोष. यांतला एकही कोड "अमुक भाग फेकून द्या" असे सांगत नाही. या घरचा पी ००१२ एवढेच सांगत होता की कॅमला पुढे ये म्हटले तरी ती येत नाही. चढाला जोर नसणे आणि उभ्या जागी इंजिन शांत असणे याच्याशी ते जुळत होते.

५. वायर पाहा. शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला उंदरांचा त्रास हमखास. कडबा आणि पेंड शेजारी असेल तर बोलायलाच नको. चावी बंद करून ओसीव्हीचे कनेक्टर काढा. पिना हिरव्या पडल्या आहेत का, आत ऑईल झिरपले आहे का, वायर कुरतडली आहे का, हे पाहा. मग मल्टिमीटरने कॉइलचा ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत तो साधारण ७ ते १२ च्या दरम्यान येतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्ती पुस्तिकेतूनच घ्यावा. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटलेली आहे. या गाडीची वायर आणि कॉइल दोन्ही ठीक निघाली.

६. आता खरी कसोटी. ही जाणत्या मिस्त्रीनेच करावी. इंजिन गरम करून उभ्या जागी चालू ठेवायचे आणि ओसीव्हीला बॅटरीची १२ व्होल्टची वीज दोन-चार सेकंद द्यायची. जास्त वेळ दिली तर कॉइल जळते. वीज मिळताच कॅम पुढे सरकते आणि मंद चालणारे इंजिन अडखळते, कधी बंदही पडते. अडखळले तर समजावे की ओसीव्ही, ऑईलची वाट आणि कॅम गिअर तिन्ही काम करत आहेत, दोष हुकुमाच्या किंवा सेन्सरच्या बाजूला शोधावा. काहीच फरक पडला नाही तर दोष ओसीव्ही, ऑईलची वाट आणि कॅम गिअर या तिघांत आहे. या गाडीचे इंजिन ढिम्म राहिले.

कोड पी ००११ असेल आणि उभ्या जागी इंजिन थरथरत असेल तर कसोटी उलट करावी. चावी बंद करून ओसीव्हीचे कनेक्टर काढायचे आणि इंजिन पुन्हा चालू करायचे. इंजिन शांत झाले तर वीजच नको तेव्हा येत होती. तसेच थरथरत राहिले तर ओसीव्हीचा दांडा किंवा कॅम गिअर अडकलेला आहे. कनेक्टर काढल्याने नवा कोड पडतो, तो तपासणीनंतर पुसून घ्यावा.

७. ओसीव्ही काढून पाहा. बहुतेक गाड्यांत तो एका बोल्टवर असतो. आतला दांडा सहज सरकतो का, आणि त्याच्यावर किंवा ऑईलच्या वाटेत बारीक जाळी असेल तर ती मोकळी आहे का, हे पाहायचे. या गाडीच्या जाळीवर काळा गाळ बसला होता. चहाची गाळणी दोन दिवस तशीच ठेवल्यावर दिसते तशी ती दिसत होती. दांडाही अर्ध्यावर चिकटलेला. मिस्त्रींनी तो साफ केला, जाळी धुतली, नवा रबरी वायसर घालून बसवला. जुने ऑईल आणि फिल्टर काढून पुस्तिकेप्रमाणे नवे घातले. पुन्हा सहाव्या क्रमांकाची कसोटी केली. वीज देताच इंजिन अडखळून बंद पडले. सगळ्यांना हायसे वाटले, कारण आता नक्की कळले की कॅम गिअर शाबूत आहे.

कोड पुसून गाडी पाचगणीपर्यंत नेली. स्कॅनरवर दोन आकडे पाहत राहिले: कॅमला किती अंश सरकायला सांगितले आणि ती किती सरकली. दोन्ही बरोबरीने चालत होते. साधारण हजार किलोमीटर झाल्यावर ऑईल आणि फिल्टर पुन्हा बदलले, कारण नवे ऑईल आतला उरलेला गाळ धुऊन आपल्यात घेते. दिवा परत लागला नाही. दोन्ही वेळच्या ऑईलसह सारा खर्च चार आकड्यांत राहिला. डायलिसिसची एकही पाळी चुकली नाही आणि मुलीच्या प्रवेशाचे पैसे जागच्या जागी राहिले.

इंजिन केव्हा उघडायचे?

यावरून कुणी असे समजू नये की कॅम गिअर किंवा चेन कधी खराब होतच नाही. झिजते, आणि तेव्हा ती बदलावीच लागते. वरच्या सातही पायऱ्या झाल्या, ऑईल योग्य आहे, ओसीव्ही मोकळा आहे, गेज लावून मोजलेला ऑईलचा दाब पुस्तिकेप्रमाणे आहे, आणि तरीही कॅम हलत नाही, तर दोष कॅम गिअरचा. सकाळची खडखड ऑईल बदलूनही तशीच राहिली तर गिअरमधली कुलुपाची पिन झिजली आहे किंवा चेन सैल झाली आहे असा संशय घ्यावा.

पी ००१६ हा कोड आला आणि बरोबर चेनचा सततचा आवाज असेल तर मात्र चालढकल करू नका. चेन दातावरून सरकली असेल तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग हजारांचे काम लाखाच्या घरात जाते. अशी गाडी चालवत नेण्यापेक्षा टेम्पोवर घालून न्या. तेथे काटकसर महागात पडते.

दुसरीही एक गोष्ट आहे. घाटात गाडी खेचत नाही एवढ्यावरून व्हीव्हीटीला दोष देऊ नका. धुळीने भरलेला एअर फिल्टर, झिजलेले स्पार्क प्लग, पेट्रोलमध्ये गेलेले पाणी, यांनीही हेच होते. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. स्वस्त आणि सोपे ते आधी पाहावे, महाग आणि अवघड ते शेवटी.

दुखणे येऊच नये म्हणून

आपल्या गाड्यांना हे दुखणे का होते, याचाही विचार करू. शहरातली गाडी रोज धावते. आपली गाडी चार-चार दिवस शेडमध्ये उभी राहते, आणि निघाली तर डेअरीपर्यंत किंवा बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येते. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. त्यामुळे आत धरलेले पाण्याचे बाष्प आणि न जळलेले पेट्रोल ऑईलमध्ये मिसळते आणि त्याचा गाळ होतो. भर म्हणून शिवाररस्त्याची धूळ. किलोमीटर कमी झाले म्हणून आपण ऑईल बदलत नाही, आणि नेमके तेथेच चुकते. कंपनीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे दिलेले असतात. त्यांतला जो आधी पुरा होईल तो धरायचा. धूळ आणि छोट्या फेऱ्या यांसाठी पुस्तिकेत याहून कमी मुदत दिलेली असते. आपली गाडी बहुधा त्याच वर्गात बसते.

ऑईलच्या डब्यावरचे आकडे वाचायला शिका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती जाड राहील ते सांगतो. तो जितका लहान तितके ऑईल थंड सकाळी लवकर वर पोचते. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातले जाडपण दाखवतो. ट्रॅक्टरचे ऑईल वाईट नव्हे. ते ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनासाठी उत्तमच आहे. पण उसाचा खताचा डोस आपण हरभऱ्याला देत नाही. व्हीव्हीटीच्या बारीक वाटा पातळ ऑईल धरून आखलेल्या असतात. डिसेंबरच्या पहाटे त्यांतून जाड ऑईल सरकायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कॅम हुकूम ऐकत नाही. म्हणून शेडमध्ये दोन कॅन ठेवा आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहा: "ट्रॅक्टर" आणि "गाडी".

गाळ काढण्यासाठी इंजिनात रॉकेल किंवा डिझेल घालून फिरवण्याची जुनी सवय काही ठिकाणी आहे. या इंजिनांना ते करू नका. गाळाचे ढेकूळ एकदम सुटून पंपाची जाळी बुजते आणि ऑईलच वर जात नाही. योग्य ऑईल दोनदा लवकर बदलणे हाच सुरक्षित उपाय. सुटे ऑईल घेऊ नका. सीलबंद डबा पावतीसह घ्या आणि ती पावती गाडीच्या कागदांबरोबर जपा. जुनी गाडी विकत घेताना ऑईल बदलल्याच्या पावत्या मागा. त्या मिळाल्या नाहीत तर घरी आणताच पहिले काम ऑईल आणि फिल्टर बदलण्याचे करा.

गाडी उभीच राहत असेल तर आठवड्यातून एकदा तिला वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा. जागीच इंजिन चालू ठेवण्याने ते काम होत नाही. वडीलधाऱ्यांना देवदर्शन घडेल आणि इंजिनही नीट तापेल.

भगिनींना माझे एक खास सांगणे आहे. घरात गाडी कुणीही चालवो, नोंद ठेवण्याचे काम तुमच्याकडे घ्या. दुधाचा हिशेब तुम्ही चोख ठेवता, त्याच वहीत गाडीचे एक पान करा. ऑईल कधी बदलले, कोणते घातले, दर पंधरवड्याला पट्टीवर पातळी किती, कधी कसला आवाज आला, एवढे चार रकाने पुरेत. वरच्या घराचे पैसे वाचले त्यात मिस्त्रींच्या हाताइतकाच त्या पानाचा वाटा होता.

गॅरेजमध्ये गेल्यावर तीन प्रश्न विचारण्याचा संकोच करू नका. कोड कोणता निघाला? ऑईल आणि ओसीव्ही तपासला का? सांगितलेला भागच खराब आहे हे कोणत्या कसोटीवरून ठरवले? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला गिऱ्हाईक जाणते आहे असे वाटते. आणि तपासणीत त्याचा अर्धा दिवस गेला असेल तर भाग न बदलताही त्या अर्ध्या दिवसाची मजुरी हसतमुखाने द्या. आपण बदललेल्या भागाचे पैसे मुकाट्याने देतो आणि निदानाचे पैसे द्यायला कुरकुरतो. मग मिस्त्री भाग बदलण्याकडेच वळतो, यात सगळा दोष त्याचा नाही.

माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका असे मी या सदरात अनेकदा लिहिले आहे. तेच गाडीला लावा. येत्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, ऑईलची पट्टी काढून एका फडक्याला पुसा, पुन्हा घालून पातळी पाहा आणि वहीत लिहा. या कामाला पाच मिनिटे पुरतात.

पुढील अंकी हळद काढणी आणि शिजवणी यांविषयी.

आपला,
शेतकरी मित्र